दिवाळीनंतरचा पट



आपल्या शेतकी खात्यात उसाची नोंद होते एका हंगामात आणि ऊस गव्हाणीत पडतो दुसऱ्या हंगामात. नोंदलेला सगळा ऊस गाळपाला येतोच असे नाही. काही बेण्याला जातो, काही गुऱ्हाळाला, काही शेजारच्या कारखान्याला. म्हणून नुसत्या नोंदीच्या आकड्यावर साखरेच्या पोत्यांचा हिशेब कोणी मांडत नाही.

शाळेचेही असेच आहे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत ३० सप्टेंबरला जो पट असतो तो सरकारी हिशेबाचा पट. त्यावर संच मान्यता होते, म्हणजे त्या शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरते. परंतु ज्या गावांतून माणसे दिवाळीनंतर पोटापाण्यासाठी बाहेर पडतात, त्या गावांत खरा पट कळतो तो दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरते त्या दिवशी. हजेरीपत्रकावर नाव असते, पण बसकरपट्टीवर पोर नसते.

आपण कारखानदारीतली माणसे या गोष्टीचे एकच टोक पाहतो. टोळी येते, तळ पडतो, कोप्या उभ्या राहतात, आणि त्या कोप्यांच्या पुढे पोरं खेळताना दिसतात. ही पोरं कोणत्या शाळेतून उठून आली, तिथे काय चालले होते, काय अर्धे राहिले, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. म्हणून या अंकात आम्ही दुसऱ्या टोकाची माहिती द्यायचे ठरवले. त्यासाठी भाग निवडला तो खोडाळ्याचा.

आता तुम्ही म्हणाल, खोडाळ्याला ऊस नाही, कारखाना नाही, आणि आपल्या टोळ्या तर बीड, पाथर्डी, चाळीसगाव, नंदुरबार या बाजूने येतात. मग खोडाळा कशाला? कारण असे की खोडाळा-मोखाड्याची माणसे जातात वीटभट्टीवर, बांधकामावर, नाशिककडच्या द्राक्षबागांत. तिथे ऊस मध्ये येत नाही. आपला भाव, आपली एफआरपी, आपली तोडणी-वाहतूक यांचा धुरळा नसला की पोराच्या शाळेचे काय होते ते स्वच्छ दिसते. शिवाय या प्रश्नावर महाराष्ट्रात जे पहिले प्रयत्न झाले त्यांतले काही त्याच बाजूचे आहेत.

खोडाळा हे मोखाडा तालुक्यातले गाव. पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हापासून ते पालघरमध्ये आले. मध्य रेल्वेच्या कसारा स्टेशनावर उतरून विहीगावमार्गे डोंगरातून वर गेले की खोडाळा लागते. तिथून एक रस्ता मोखाड्याकडे फुटतो, दुसरा त्र्यंबककडे. शेजारी जव्हार, म्हणजे मुकणे राजांचे जुने संस्थान. तालुक्यात दहांत नऊ माणसे आदिवासी आहेत: वारली, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी, कोकणा. जमीन उताराची आणि हलकी. पिके म्हणजे भात, नागली, वरई, उडीद आणि खुरासणी, तीही पावसावरची. पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. आपल्याकडे पाचशे पडला तर आपण बरे वर्ष म्हणतो. पण हा सगळा पाऊस उतारावरून वैतरणेला जातो आणि वैतरणेवरच्या धरणांतून मुंबईला जातो. मध्य वैतरणा धरण याच मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ आहे. उन्हाळ्यात मात्र त्याच तालुक्यातल्या पाड्यांना टँकरने पाणी द्यावे लागते. पाटाचे पाणी नाही म्हणून दुसरे पीक नाही. दुसरे पीक नाही म्हणून दिवाळीनंतर घरात काम नाही. आपल्या बागायतदार सभासदांना हे वेगळे सांगायला नको. पाटपाणी येण्याआधी आपल्यातल्याही कित्येकांच्या वाडवडिलांनी अशीच घरे कुलूप लावून सोडली होती.

गाव म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वेशीच्या आत गावठाण येते. इथे तसे नाही. एका ग्रामपंचायतीत अनेक पाडे, आणि पाड्यांमध्ये ओढा नाही तर टेकडी. मुलांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असे धरले आहे. नकाशावर एक किलोमीटर म्हणजे काहीच नाही. जुलै महिन्यात ओढ्याला पाणी आले की तेच एक किलोमीटर सहा वर्षांच्या पोराला ओलांडता येत नाही. म्हणून पाड्यापाड्यावर लहान लहान शाळा आहेत आणि त्या लहानच राहणार. कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. दोन शिक्षक आणि चार-पाच वर्ग, म्हणजे पहिली-दुसरी एका खोलीत, बाकीचे दुसऱ्या खोलीत. त्यातले एक गुरुजी केंद्राच्या बैठकीला, निवडणुकीच्या कामाला किंवा माहिती भरायला गेले की दुसऱ्यांनी सगळी शाळा एका खोलीत घ्यायची. अशा शाळेला बाहेरचे लोक नावे ठेवतात. आमचे मत विचाराल तर एका खोलीत चार इयत्ता सांभाळणे हे मोठ्या शाळेत एक वर्ग शिकवण्यापेक्षा पुष्कळ अवघड काम आहे.

शाळा जूनच्या मध्यावर उघडते. पहिल्या दिवशी नव्या पोरांचे स्वागत, पुस्तकांचे वाटप, काहीतरी गोड. त्याच वेळी शेतात राब भाजून झालेले असतात आणि पेरणी सुरू असते. जुलैत आवणी लागली की मोठी मुलगी घरी राहते, कारण आई चिखलात उभी असते आणि धाकटे भावंड कुणीतरी धरायला हवे. आवणीचे हे खाडे गुरुजींना ठाऊक असतात. त्यावर कोणी फार ओरडत नाही. पावसाळ्यातली पोरं शाळेत येताना वाटेवरची शेवळी, करटोली, ओढ्यातले खेकडे यांच्या गोष्टी घेऊन येतात. रानातली कोणती भाजी खाजरी आणि कोणती गोड, कोणत्या कंदाला किती उकळ्या द्याव्या लागतात, हे दुसरीतले पोर सांगते. आपल्या शेतकी पदवीधरालाही ते सांगता यायचे नाही.

पण तेच पोर पुस्तक उघडले की गप्प बसते. घरी बोलली जाते ती वारली, ठाकरी, कातकरी बोली. पुस्तकात असते ती पुणेरी वळणाची मराठी. मराठीच आहे ना, मग अडचण काय, असे आपल्याला वाटते. आपल्यापैकी ज्यांनी बँकेचा इंग्रजी फॉर्म समोर आल्यावर शेजाऱ्याकडे पाहिले असेल त्यांना अडचण कळेल. अक्षर ओळखीचे नाही, ते ज्या शब्दात आहे तो शब्द ओळखीचा नाही, आणि तो ज्या वस्तूचा आहे ती वस्तूही पाहिलेली नाही. चांगला शिक्षक काय करतो? तो आधी पोराची बोली शिकतो, पोराच्या शब्दापासून सुरुवात करतो आणि हळूहळू पुस्तकाच्या शब्दापर्यंत आणतो. याला वेळ लागतो. पहिलीतल्या पोराचे जून ते दिवाळी हे दिवस नुसते शाळेत रुळण्यात आणि भाषा कानावर पडण्यात जातात. वाचनाची गाडी खरी सुटायची ती दिवाळीनंतर. आणि दिवाळीनंतर पोर तिथे नसते. या लेखातली मुख्य गोष्ट ती हीच.

त्याआधी शाळेच्या चुलीबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण पाड्यावरच्या शाळेत घंटेपेक्षा चुलीला मान जास्त. १५ ऑगस्ट १९९५ पासून देशभर शालेय पोषण आहार सुरू झाला तेव्हा पोराला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी दिला जाई, तोही ८० टक्के हजेरी भरली तर. तीन किलो तांदूळ घरात गेला की तो घराच्या हंडीत गेला. पोराच्या पोटात किती गेला ते देवाला ठाऊक. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळेतच शिजवलेले अन्न द्या असा आदेश दिला आणि त्यानंतर शाळेत खिचडी शिजू लागली. आजचे प्रमाण असे आहे: पहिली ते पाचवीच्या पोराला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ-कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल, म्हणजे ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ, ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने. २०२१ पासून या योजनेचे नाव बदलून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना झाले. पोरं मात्र खिचडीच म्हणतात.

ज्यांच्या घरी दोन्ही वेळ चूल पेटते त्यांना शंभर ग्रॅम तांदळाचे काय एवढे, असे वाटेल. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली, ती बातमी जुन्या सभासदांना आठवत असेल. सारा महाराष्ट्र तेव्हा हादरला होता. मोखाड्यात २०१६ सालीही कुपोषणाने बालके गेल्याच्या बातम्या आल्या. म्हणून त्या भागात दुपारी शाळेत शिजलेले ताट ही शिक्षणाला जोडलेली सवलत नाही, तो जेवणाचा भरवशाचा भाग आहे. पाड्यावरचीच बाई किंवा बचत गट ते शिजवतो. लाकूड, पाणी आणि भांडी सांभाळणे हे काम दिसते त्याहून मोठे आहे, आणि त्या बाईला मिळणारे मानधन कामाच्या मानाने फारच तुटपुंजे आहे. एक बारकावा लक्षात घ्या. हे ताट शाळेच्या हजेरीला बांधलेले आहे. पोर भट्टीवर किंवा तळावर गेले आणि तिथल्या शाळेत त्याचे नाव लागले नाही, तर बुडते ते नुसते गणित नव्हे, दुपारचे ताटही बुडते.

शाळेचा कारभार पाहायला शाळा व्यवस्थापन समिती असते. आपल्या संचालक मंडळासारखीच म्हणा, फक्त इथे भाग-भांडवल नाही, पोर हेच भांडवल. कायद्याप्रमाणे समितीत पाऊणशे टक्के पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात. मजा अशी की दिवाळीनंतर समितीचे सभासदच गावात नसतात. कोरम भरायचा कुणी? आपल्या वार्षिक सभेला कोरम नसला तर अर्ध्या तासाने तीच सभा पुन्हा भरते. तिथे अर्धा तास थांबून उपयोग नाही, शिमग्यापर्यंत थांबावे लागते.

भात कापून झोडून झाले, वाघबारस झाली, दिवाळी झाली, की निघण्याची तयारी सुरू होते. उचल आधीच घेतलेली असते. आपल्या टोळीच्या मुकादमाचे गणित तुम्हाला ठाऊक आहे. वीटभट्टीवरही तेच आहे. पावसाळ्यात घरातले दाणे संपले, कुणी आजारी पडले, लग्न निघाले, तेव्हा भट्टीमालकाचा माणूस येऊन पैसे देऊन जातो. ते पैसे फेडायला हंगामभर सारे कुटुंब राबते. मजुरी हजार विटांवर. आपल्याकडे टनावर. मजुरी नगावर असली की घरातला प्रत्येक हात मोजला जातो, त्यात पोराचाही हात आला. विटा पलटायच्या, रचायच्या, माती-पाणी द्यायचे. आपल्याकडे वाढ्याच्या पेंढ्या बांधायच्या, कोपीवर राखण करायची, बैलांना पाणी दाखवायचे, धाकट्याला झोळीत झोका द्यायचा. आपण ज्याला कोपी म्हणतो त्याला भिवंडी-वसईकडच्या भट्टीवर भोंगा म्हणतात. नाव वेगळे, गवत-पेंढ्याचे छप्पर तेच.

आता हिशेब करू. कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस शाळा भरली पाहिजे. दिवाळीपर्यंत त्यातले साधारण निम्मे होतात. म्हणजे दिवाळीला गेलेले आणि मेमध्ये परतलेले पोर निम्मेच वर्ष शिकले. पुढच्या जूनमध्ये ते वरच्या इयत्तेत बसते, कारण नापास करून मागे ठेवणे कायद्याने थांबवले होते. (पाचवी आणि आठवीला महाराष्ट्रात २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे.) पहिल्या वर्षी निम्मे, दुसऱ्या वर्षी निम्मे, असे चौथीपर्यंत गेले की कागदावर चार वर्षे आणि डोक्यात दोन. तीही सलग दोन नव्हेत. दरवर्षी जूनला मागचे विसरलेले असते, ते पुन्हा काढायचे. खोडवा ठेवायचा आणि त्याला पाणीच द्यायचे नाही, असा हा प्रकार. पाचवीत वाचता येत नाही म्हणून पोर लाजते, लाजते म्हणून शाळेत जात नाही. मग मुलगा बारा-तेराव्या वर्षी भट्टीवर पुरा मजूर होतो आणि मुलीचे लग्न उरकले जाते, मग कायदा अठरा वर्षे म्हणो की आणखी काही म्हणो.

हे थांबवायचे प्रयत्न जुने आहेत. याच बाजूला डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी केलेले काम आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले आणि १९५७ साली ते कोसबाडला गेले. आज देशभर जो शब्द आपण सहज वापरतो तो 'अंगणवाडी' हा शब्द आणि ती कल्पना ताराबाईंची. पोरं बालवाडीत येत नाहीत ना, मग बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची. जी मोठी पोरं गुरे राखायला रानात जात त्यांच्यासाठी कुरणशाळा काढली. गुरे चरताहेत आणि तिथेच शिकणे चालले आहे. ताराबाई १९७३ साली गेल्या, अनुताई १९९२ साली. पोर शाळेत येत नाही हा पोराचा गुन्हा नाही, शाळेने पोराच्या दिवसाची घडी ओळखली पाहिजे, हे त्यांनी करून दाखवले. पुढे १९९० नंतरच्या काळात त्याच धाग्याने विद्युल्लता पंडित आणि विधायक संसद यांनी वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. पोर भट्टीवर गेले तर शाळाही भट्टीवर.

आपल्या कारखानदारीत हीच कल्पना साखरशाळा म्हणून आली. २००० नंतरच्या दशकात औरंगाबादच्या जनार्थ संस्थेने, तसेच काही कारखान्यांनी, तळाजवळ शाळा चालवल्या. पुष्कळ पोरांची पाटी त्यामुळे फुटली नाही. मग शिक्षण हक्काचा कायदा आला. प्रत्येक मुलाला नियमित शाळेतच घातले पाहिजे, तळावरची वेगळी शाळा नको, असे धोरण ठरले आणि साखरशाळा मागे पडल्या. तत्त्व म्हणून हे बरोबर आहे. तोडणीवाल्याच्या पोराला वेगळी, कमी प्रतीची शाळा का असावी? परंतु तत्त्व बरोबर असून चालत नाही, रस्ता कोण ओलांडून देणार हा प्रश्न राहतो. तळापासून गावातली शाळा दोन-तीन किलोमीटर, मध्ये उसाच्या ट्रॉल्यांची वर्दळ, आई-बाप पहाटेच फडात गेलेले. साखरशाळा बंद झाली आणि गावची शाळा लांबच राहिली, अशी कित्येक तळांवरची स्थिती झाली.

दुसरा मार्ग म्हणजे पोराला गावातच ठेवायचे. त्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. स्थलांतराच्या काळापुरते, साधारण सहा महिने, गावातल्या शाळेतच मुलांच्या जेवणाची सोय करायची; चालवायचे शाळा व्यवस्थापन समितीने. काही ठिकाणी पोरं आजी-आजोबांकडे झोपतात आणि सकाळ-संध्याकाळ तिथे जेवतात. आदिवासी भागात याशिवाय शासकीय व अनुदानित आश्रमशाळा आहेत. खोडाळ्याकडच्या शाळांसाठी आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय जव्हारला आहे. हंगामी वसतिगृह जिथे वेळेवर, म्हणजे दिवाळीच्या आधी, सुरू होते तिथे पोरं थांबतात. जिथे मंजुरी टोळी गेल्यावर येते तिथे थांबायला पोरंच उरलेली नसतात. आम्हाला वाटते या योजनेचे यशापयश तारखेवर आहे, रकमेवर नाही. बेसल डोस लागण झाल्यावर दोन महिन्यांनी दिला तर काय होते, ते सभासदांना माहीत आहे. आणि आणखी एक. सहा वर्षांच्या पोराला आईपासून सहा महिने लांब ठेवा, हे सांगणे सोपे आहे. ज्या घरात आजी आहे तिथे जमते. आजी नाही, किंवा आजीही भट्टीवर गेली, तिथे आई पोराला घेऊन जाणारच, आणि तिला दोष देता येणार नाही.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी सरकारने जून २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली. ४१ तालुक्यांत मुलांचे एक व मुलींचे एक, अशी ८२ वसतिगृहे, प्रत्येकी शंभर जागांची. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकडे हे काम आहे आणि त्या महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनाला दहा रुपये द्यायचे व तेवढीच भर सरकारने घालायची असे ठरले आहे. म्हणजे तुमच्या उसाच्या प्रत्येक टनामागे दहा रुपये या कामाला लागलेले आहेत. आपण पैसे मोजतो तिथे चौकशीही करतो. या बाबतीत मात्र चौकशी करणारा सभासद आम्हाला अजून भेटायचा आहे.

राहिले ते पोर, जे आईबरोबर आलेच. त्याच्या बाबतीत कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या, कारण इथे अडाणीपणाने फार नुकसान होते. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला राज्यात किंवा राज्याबाहेर दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा. दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. जन्माचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही. प्रवेशाची मुदत टळली, वर्ष अर्धे गेले, म्हणूनही नाकारता येत नाही. मूल वयाप्रमाणे ज्या वर्गात बसायला हवे त्या वर्गात बसवायचे आणि मागे असेल तर वेगळे शिकवायचे. याच्या जोडीला शिक्षण हमी कार्ड आहे. गाव सोडताना मूळ शाळेने ते भरून पालकाकडे द्यायचे. मूल कोणत्या इयत्तेत, काय येते, काय येत नाही, हे त्यावर असते. ते दाखवले की जिथे जाल तिथल्या शाळेने मुलाला बसवून घ्यायचे, आणि परत निघताना तिथल्या हजेरीची नोंद करून द्यायची. नाव मूळ गावच्या पटावरून कमी होत नाही. लहान बाळांसाठीही असेच, जवळच्या अंगणवाडीत नोंद करून त्यांना आहार घेता येतो.

यातले कायद्याचे काम शाळेचे आहे. पण पोर तळावर आहे हे शाळेला कळवणार कोण? गुरुजींना तळ कुठे पडला ते कळत नाही. ते कळते आपल्या गट कार्यालयाला, चिटबॉयला आणि ज्याच्या रानात तळ पडला त्या सभासदाला.

इथे गाडी सेंटर आणि ट्रॅक्टर-ट्रकच्या टोळ्या यांत फरक करावा लागतो. बैलगाडीवाले हंगामभर एकाच तळावर असतात. त्यांच्या पोरांना जवळच्या शाळेत घालणे फार कठीण नाही. एकदा नाव लागले की पाच महिने तीच शाळा. डोकी सेंटरच्या, ट्रॅक्टर-ट्रकच्या टोळ्या मात्र फड संपला की गाव बदलतात. त्यांच्या पोरांना एका हंगामात तीन शाळा लागू शकतात, आणि तीन आठवड्यांसाठी पोर बसवून घ्यायला कुठल्याही गुरुजींच्या जिवावर येते. ते माणूस म्हणून समजण्यासारखे आहे, पण कायद्यात बसत नाही. अशा ठिकाणी सभासदाचा शब्द कामाला येतो. गावातला बागायतदार शाळेत जाऊन म्हणाला, 'गुरुजी, माझ्या रानात टोळी आहे, सात पोरं आहेत, उद्यापासून पाठवतो,' की ते काम होते. टोळीतल्या बाईने हेच सांगितले तर तिला दाखला आणा, आधार आणा, उद्या या, असे ऐकावे लागण्याचा संभव असतो.

पाठवायचे कसे, हेही बघावे लागेल. आपली पोरं शाळेत जातात त्या वेळेला कुणी ना कुणी मोटारसायकलवर तळावरून जात असतो. टोळीतली एखादी म्हातारी असेल तर ती सगळ्यांना घेऊन जाऊ शकते. फडात जाताना मोठ्या मुलीच्या कडेवर धाकटे दिले जाते, तेव्हा ती शाळेत जाणार नाही हे धरूनच चालावे. त्या धाकट्याची सोय अंगणवाडीत झाली तरच मोठी सुटते. जुन्या पिढीतल्या कोसबाडच्या बायांनी ही गोष्ट कधीच ओळखली होती.

गळीत सुरू होण्यापूर्वी गटवार तळांच्या जागा ठरतात. त्या वेळी तळ कोणत्या शाळेच्या जवळ पडतो एवढे पाहून घेण्याला खर्च नाही. पाणी आणि रस्ता आपण पाहतोच. टोळीचा करार होताना मुकादमाला सांगून ठेवावे की पोरांची शिक्षण हमी कार्डे गावाकडूनच घेऊन ये. उचल देण्याच्या दिवशी सांगितलेले मुकादमाच्या लक्षात राहते. टोळी आली की पहिल्या आठवड्यात सहा ते चौदा वयाची पोरं किती ते मोजून नावांची यादी गावच्या मुख्याध्यापकांकडे द्यावी आणि त्यांची पोच घ्यावी. आणि हंगाम संपून टोळी सुटायच्या आदल्या दिवशी त्या कार्डांवर हजेरीची नोंद व मुख्याध्यापकांची सही झाली आहे का ते बघावे. टोळीचा ट्रक एकदा हलला की तेवढ्या सहीसाठी बीडहून इकडे परत कोणी येत नाही.